मॉडेलमधला चोर्ला खुजा असतो: डोंगरातले तापमान तपासताना या चुका टाळा

"सर, हवामानाचं मॉडेल बेकार आहे. चोर्ला घाटाच्या माथ्यावर अडीच अंश जास्त दाखवतंय." एका विद्यार्थिनीने आलेख पुढे सरकवला. मी विचारले, मॉडेलने चोर्ला किती उंच धरलाय ते पाहिलंस का? उंचीची फाइल तिने उघडलीच नव्हती.

बहुतेकांचे घोडे इथेच पेंड खाते. दक्षिण आशियासाठीच्या कॉर्डेक्स या प्रादेशिक हवामान मॉडेलांच्या प्रयोगांची जाळी, म्हणजे नकाशावर पाडलेल्या चौकोनांची बाजू, आधी सुमारे ५० किलोमीटरची होती, नंतर २५ ची झाली. चोर्ला घाट गोव्याच्या सीमेवर, आणि गोव्याची रुंदीच मुळी साठेक किलोमीटर. त्यामुळे वाळपईचे खोरे, केरीनंतरची वळणे आणि ८०० मीटरच्या आसपासचा घाटमाथा एकाच चौकोनात, एकाच सरासरी उंचीवर येऊन बसतात. समजा ती उंची ४०० मीटर आहे. उंचीबरोबर तापमान किलोमीटरमागे ६.५ अंश उतरते, या ढोबळ दराने माथ्यापर्यंतच्या उरलेल्या ४०० मीटरचे २.६ अंश होतात. आधी उंची जुळवा, मग मॉडेलला नावे ठेवा.

पण हा ६.५ चा आकडा खिशात घालून बारा महिने फिरू नका. पावसाळ्यात चढत्या हवेतल्या बाष्पाचे पाणी होताना उष्णता सुटते, म्हणून हा दर बराच उतरतो. आणि जानेवारीत तर गणितच उलटते. पहाटे सत्तरीतल्या एखाद्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, जाऊन पाहा: उतारावरची जड, गार हवा रात्रभर घरंगळत येऊन खाली साचलेली, पोफळीच्या शेंड्यांखाली धुके. घाट चढू लागलात की अंगातला स्वेटर नकोसा होतो. अशा पहाटे खोऱ्यातल्या ६० मीटर उंचीवरच्या हवामान ठाण्यासाठी ६.५ ची दुरुस्ती लावली, तर मॉडेलचे किमान तापमान आणखी २.२ अंशांनी वाढते. ते आधीच जास्त असते, कारण त्या चौकोनाला खोरे ठाऊकच नाही.

मग ३ किलोमीटरची जाळी घ्यावी? जरूर घ्या, पण तिला ३ किलोमीटरचे खोरे नीट दिसते असे समजू नका. डब्ल्यूआरएफसारख्या बारीक जाळीच्या हवामान मॉडेलची खरी नजर जाळीच्या साधारण सातपट रुंदीपासून पुढे सुरू होते. शिवाय वारा पडलेल्या, निरभ्र रात्रीची जमिनीलगतची हवा बारीक जाळीलाही चकवते. म्हणून कमाल आणि किमान वेगवेगळे तपासा. नुसती दैनिक सरासरी पाहिलीत, तर दुपारची तूट आणि पहाटेची वाढ एकमेकींना खातात आणि मॉडेल साळसूद दिसते.

दिवस कुठे सुरू होतो, हेही बघा. मॉडेलचा दिवस बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, म्हणजे आपल्या पहाटे ५:३० ला बदलतो. नेमके सूर्योदयाच्या आसपास किमान नोंदले जाते, त्यामुळे एकच गार पहाट दोन दिवसांच्या खात्यावर चढू शकते. मी यात एक अख्खा आठवडा घालवला आहे. तासागणिक आकडे घ्या आणि दिवस स्वतः बांधा.

पणजीसाठी जवळचा चौकोन उचलताना तो अरबी समुद्रात तर नाही ना, तेवढे पाहून घ्या. समुद्राच्या चौकोनात दिवसरात्रीचा फरक जवळजवळ सपाट असतो. मार्चमध्ये घाटावरून पूर्वेचा कोरडा वारा उतरतो, खारे वारे उशिरा येतात आणि पणजी भाजून निघते. त्याची चाहूलही तिथे लागत नाही.

आणि पडताळणी कशाशी करणार? हवामान खात्याचे जाळीतले तापमान अक्षांश-रेखांशाच्या एका अंशाचे आहे, म्हणजे चौकोनाची बाजू सुमारे ११० किलोमीटर. अख्खा गोवा उत्तर-दक्षिण १०५ किलोमीटरच्या आसपास. त्यावरून सह्याद्रीचा निकाल लावता येत नाही. पणजी आणि मुरगावच्या वेधशाळाही किनाऱ्यावरच्या. डोंगरासाठी स्वतःचे लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारी छोटी यंत्रे, लावावे लागतात, तेही सावलीत, हवा खेळेल असे, जमिनीपासून दोनेक मीटरवर.

माझा पहिला लॉगर मी घाटातल्या एका दुकानाच्या पत्र्याखाली टांगला होता. मार्चच्या दुपारी त्याने ४४ दाखवले, मॉडेल आठ अंशांनी थंड ठरले आणि मी तसे लिहूनही मोकळा झालो. दुकानदार मात्र रोज दुपारी स्टूल उचलून समोरच्या फणसाखाली जाऊन बसायचा.