मेलमधली फाइल उघडताना या चुका टाळा

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्याकडे पीक विम्याची गर्दी. माझ्या ऑनलाइन अर्ज भरायच्या केंद्रासमोर सकाळपासून रांग असते आणि लाइटचा भरवसा नसतो. या घाईत दरवर्षी त्याच चुका होतात.

पहिली म्हणजे फाइलचं नाव अर्धंच वाचणं. विंडोज मुळात फाइलच्या नावाची शेपटी, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं (एक्स्टेन्शन), लपवून ठेवतं. ‘पावती.पीडीएफ.ईएक्सई’ नावाची फाइल नुसती ‘पावती.पीडीएफ’ दिसते; ईएक्सई म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्राम. २००० साली ‘आय लव्ह यू’ व्हायरस असाच जगभर पसरला. टेक्स्ट फाइल वाटायची, निघायची व्हीबीएस स्क्रिप्ट, म्हणजे उघडताच चालणारा छोटा प्रोग्राम. कॉम्प्युटर नवा असो की जुना, मी आधी फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ला टिक करतो.

माझ्याकडे काम शिकणाऱ्या पोराने अशीच एक पावती उघडली. झिप फाइल होती, पासवर्ड मेलमध्येच दिलेला. पासवर्ड लावलेल्या झिपच्या आतलं मेलच्या तपासणीला दिसत नाही, म्हणूनच तो लावतात. अर्ध्या तासात सगळे सातबारे, आधार, पासबुकं कुलूपबंद झाली आणि पैसे मागणारी चिठ्ठी आली. बॅकअपची हार्डडिस्क मीच जोडून ठेवली होती, तीही गेली. पैसे दिले नाहीत. चार दिवस लोकांना परत बोलावलं. एक म्हातारे बाबा डवरणी सोडून एसटीने दुसऱ्यांदा कागद घेऊन आले, तेव्हा मला मान वर करवेना.

तेव्हापासून नवीन पोरांना पहिले पंधरा दिवस मी मेलला हात लावू देत नाही. त्यांना डबल क्लिकची फार घाई असते.

वर्ड-एक्सेलची फाइल ‘एनेबल कंटेंट’ दाबा म्हणाली तर दाबू नका. त्याने फाइलच्या आत दडलेले छोटे प्रोग्राम, म्हणजे मॅक्रो, चालू होतात. नेटवरून आलेले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवायला घेतले, ते उगाच नाही.

ओळखीच्या नावाने मेल आला तरी आधी फोन करा. त्यांचंही खातं चोरीला गेलेलं असू शकतं.

क्रॅक केलेला, म्हणजे लायसन्स तोडून फुकट केलेला, अँटिव्हायरस टाकूच नका; विंडोजचा डिफेंडर चालू ठेवा, अपडेट होऊ द्या.

योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके (मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकणारी) फाइलही याच जातीची.

चुकून उघडलीच तर आधी नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. जोडलेला पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावू नका. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

बॅकअप मी आता दर शनिवारी दुकान बंद करताना घेतो, आणि हार्डडिस्क काढून घरी नेतो.