कानात जॉनी कॅश, मोबाईलवर नवाल्नी: ठाणे ते सीएसएमटी कसं जमवायचं

लोकलच्या एका फेरीत अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशचा एक अल्बम ऐकायचा आणि रशियातला पुतिनविरोधी नेता अलेक्सी नवाल्नीबद्दल वाचायचं, असा बेत. पहिलं म्हणजे फास्ट सोडा, स्लो पकडा. स्लोला तासभर लागतो आणि कॅशचा 'ॲट फोल्सम प्रिझन' हा अल्बम पाऊण तासाच्या आसपास आहे, म्हणजे मधे पॉज करून वाचायलाही वेळ उरतो. शफल बंद करा हां. आणि मूळ १६ गाण्यांचीच लिस्ट लावा, नंतरच्या एडिशनमधे गाणी वाढवलीत.

कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं संगीत, म्हणजे नुसते घोडे आणि टोप्या, हे डोक्यातून काढा. १३ जानेवारी १९६८ ला कॅशने कॅलिफोर्नियातल्या तुरुंगात कैद्यांसमोर दोन शो केले, त्याचं हे लाइव्ह रेकॉर्डिंग. पहिल्याच गाण्यात खुनाच्या ओळीवर जो जल्लोष ऐकू येतो ना, तो नंतर स्टुडिओत चिकटवलेला आहे, पहारेकरी डोक्यावर उभे असताना कैदी कशाला ओरडतील! हे कळलं की अख्खा अल्बम वेगळाच ऐकू येतो. मधेच कैद्याच्या नंबराची अनाउन्समेंट होते तिकडे कान द्या. शेवटचं 'ग्रेस्टोन चॅपल' तिथल्याच ग्लेन शर्ली नावाच्या कैद्याचं आहे, आणि तो समोरच बसलेला.

आता नवाल्नी. जन्मापासून वाचायला घेऊ नका, भायखळा येईपर्यंत कोर्टकेसेसमधेच अडकाल. सुरुवात करा १७ जानेवारी २०२१ पासून. आदल्या ऑगस्टमधे विमानात कोसळला, नोविचोक या मज्जासंस्थेवर हल्ला करणाऱ्या विषाचा प्रयोग, बर्लिनला उपचार, आणि बरा झाल्यावर हा माणूस स्वतःहून मॉस्कोला परत, पासपोर्ट कंट्रोललाच अटक. का गेला, हा प्रश्न धरून मागे मागे जा, २०११ ला काढलेल्या भ्रष्टाचारविरोधी संस्थेपर्यंत. आणि त्याच्याही आधी स्थलांतरितांबद्दल तो काय काय बोलला होता तेही वाचा, ते वगळून हिरो करू नका, मुंबईत राहून ती भाषा आपल्याला काही नवीन नाही.

मग डिसेंबर २०२३ वर या. त्याला आर्क्टिक सर्कलच्याही वर, खार्पच्या तुरुंगात हलवलं. तिथून त्याने कळवलेलं की पहाटे ५ ला आधी राष्ट्रगीत लागतं आणि मग शामन या पॉप गायकाचं 'मी रशियन'. इथे पॉज दाबाच. तुम्हाला कॅश बंद करता येतो, त्याला ते गाणं बंद करता येत नव्हतं. १६ फेब्रुवारी २०२४ ला तिथेच त्याचा मृत्यू झाला, वय ४७.

एवढ्यात मस्जिद गेलेलं असतं. शर्लीचं गाणं राहिलं असेल तर सीएसएमटीला लगेच उतरू नका, गाडी परत सुटेपर्यंत दोन-तीन मिनिटं मिळतात, फक्त चढणाऱ्यांचे धक्के खायची तयारी ठेवा.