सर्व्हरवर पासवर्डाऐवजी किल्लीने लॉगिन कसे करावे

सर्व्हरवर दुरून लॉगिन होते ते एसएसएच या सेवेतून, सहसा 22 क्रमांकाच्या पोर्टवर. सर्व्हर इंटरनेटवर आला की त्या पोर्टवर पासवर्डाचे अंदाज मारणे सुरू होते. लॉग उघडून पाहा. रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट या नावांनी फसलेल्या लॉगिनची रांग दिसेल. किल्लीने लॉगिन सुरू करून पासवर्डच बंद केला, की अंदाज मारायला काही उरत नाही.

त्यासाठी आपल्या संगणकावर टर्मिनल उघडून एसएसएच-कीजेन ही किल्ली बनवणारी आज्ञा चालवा आणि किल्लीचा प्रकार ईडी25519 निवडा. ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये तो 2014 पासून आहे. सर्व्हर फारच जुना असेल तरच आरएसए हा जुना प्रकार, तेही किमान 3072 बिटांचे. पासफ्रेज, म्हणजे किल्लीच्या फाइलीला लावायचा पासवर्ड, मागितला की नुसते एंटर दाबून पुढे जाऊ नका. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराच्या आड तोच येतो. रोज टाइप करायचा कंटाळा असेल तर उघडलेली किल्ली लक्षात ठेवणारा एसएसएच-एजंट आहेच.

आता दोन फाइली तयार होतील. नावाच्या शेवटी ‘डॉट पब’ असलेली सार्वजनिक किल्ली. ती खुशाल कुणालाही द्या. दुसरी खाजगी. ती ईमेलने, चॅटवर, कुणालाही, कधीही पाठवू नका. लॉगिनच्या वेळीसुद्धा ती संगणकाबाहेर जात नाही. तिने केलेली डिजिटल सही तेवढी जाते आणि सर्व्हर ती सार्वजनिक किल्लीने पडताळतो.

एसएसएच-कॉपी-आयडी ही आज्ञा सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरच्या ऑथराइझ्ड-कीज या मान्य किल्ल्यांच्या फाइलीत टाकते. हाताने चिकटवत असाल तर सगळी किल्ली एकाच ओळीत हवी. तरीही पासवर्ड विचारला, तर आधी परवानग्या, म्हणजे कोणाला काय वाचता-लिहिता येते ते, सर्व्हरवर तपासा: एसएसएच फोल्डरला 700, ऑथराइझ्ड-कीज फाइलीला 600. त्या सैल असतील तर सर्व्हर किल्लीकडे मुकाट दुर्लक्ष करतो, आणि माणूस तासभर भलतीकडेच चूक शोधत बसतो.

किल्लीने आत जाता आले, की एसएसएचडी-कॉन्फिग या सर्व्हरवरच्या एसएसएच सेवेच्या सेटिंगच्या फाइलीत ‘पासवर्ड-ऑथेंटिकेशन’पुढे ‘नो’ लिहा. एसएसएचडी ही आज्ञा ‘-टी’ पर्यायासह चालवून फाइलीत चूक नाही ना ते बघा, मग सेवा रीस्टार्ट करा. चालू असलेले सेशन मात्र बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून आत जाऊन बघा. काही बिनसले असेल तर उघड्या सेशनमधून दुरुस्त करता येते. तेच बंद केलेत तर स्वतःच्याच सर्व्हरबाहेर अडकाल.

प्रत्येक उपकरणासाठी वेगळी किल्ली बनवा. एखादे हरवले, तर ऑथराइझ्ड-कीजमधली त्याची एक ओळ पुसली की झाले.