मित्रासाठी धामणीचे धनुष्य घडवताना

मित्राला द्यायचे धनुष्य त्याच्या अंगाच्या मापाने घडवावे लागते, म्हणून लाकूड शोधण्याच्या आधी मित्राला समोर उभे करून माप घ्यावे. त्याने दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत पूर्ण पसरावेत आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे. या अंतराला अडीचने भागले की त्याची ओढ, म्हणजे दोरी पूर्ण मागे आणल्यावर मूठ आणि दोरी यांच्यामध्ये राहणारे अंतर, बऱ्याच अचूकपणे मिळते. हातांचा पसारा 70 इंच असेल तर ओढ 28 इंच येते. एकाच लाकडाच्या धनुष्याची लांबी ओढीच्या दुपटीपेक्षा किमान दहा इंच जास्त ठेवावी, म्हणजे 28 इंच ओढीसाठी 66 ते 68 इंच. लांब धनुष्यात वाक जास्त लांबीवर विभागला जातो, त्यामुळे लाकडावर ताण कमी येतो, आणि पहिल्यांदाच घडवणाऱ्याने ही सवलत जरूर घ्यावी.

दुसरे माप ताकदीचे. पूर्ण ओढीला दोरी धरून ठेवण्यासाठी जेवढा जोर लागतो त्याला धनुष्याचे वजन म्हणतात. मित्र तालमीत जोर-बैठका काढणारा असला किंवा दिवसभर शेतात राबणारा असला, तरी त्याच्या पहिल्या धनुष्याचे वजन 30 पाउंडांच्या, म्हणजे सुमारे 14 किलोंच्या वर नेऊ नये. धनुष्य ओढताना पाठीचे आणि खांद्यामागचे जे स्नायू लागतात ते रोजच्या कष्टात त्या पद्धतीने वापरले जात नाहीत. जड धनुष्य हातात आले की नेम धरण्याऐवजी धडपडच होते आणि लवकरच ते खुंटीवर लटकून राहते. या बाबतीत मित्राच्या आग्रहाला मान देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या भागात या कामासाठी धामणीसारखे लाकूड नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, पानझडी रानात ती वाढते आणि कानडीत तिला तडसल म्हणतात. तिचे लाकूड चिवट आणि लवचिक असते, म्हणून कुऱ्हाडीचे दांडे, गाडीचे भाग आणि ओझे वाहण्याच्या काठ्या यांसाठी ते पूर्वीपासून वापरात आहे, आणि धनुष्यासाठीही त्याची ख्याती जुनी आहे. भरीव बांबूचेही चांगले धनुष्य होते, परंतु बांबू तासण्याची रीत वेगळी असल्याने येथे धामणीपुरतेच लिहितो.

रानात जाऊन झाड तोडण्याचा विचार मात्र मनात आणू नये. राखीव जंगलातून लाकूड काढणे हा गुन्हा आहे, भीमगड अभयारण्य परिसरात तर अधिकच गंभीर. स्वतःच्या मालकीच्या जमिनीतले झाड तोडायलाही बहुतेक जातींच्या बाबतीत वनखात्याची परवानगी लागते, कारण कर्नाटकात 1976 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. सरळ मार्ग असा की खानापूर किंवा बेळगावच्या वखारीत जाऊन पावती घेऊन ओंडका विकत घ्यावा. करवतीने चिरलेली फळी घेऊ नये. करवत लाकडाच्या तंतूंची पर्वा न करता सरळ जाते, आणि जिथे तंतू कापला जातो तिथून धनुष्य उचकटते. पाच-सहा इंच व्यासाचा, सहा फूट लांबीचा, गाठी नसलेला सरळ ओंडका पाहावा. सालीवरच्या भेगा खोडाभोवती पीळ घेत वर गेलेल्या दिसल्या तर आत तंतूही पिळलेले असतात, आणि असा ओंडका कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्यावा.

ओंडका पाचरींनी फोडावा. एका टोकाला मध्यावर पाचर ठोकून भेग पाडावी आणि भेग पुढे सरकेल तशा पुढच्या पाचरी बसवत जावे, म्हणजे लाकूड आपल्या तंतूंच्या वाटेने उकलते. मिळालेल्या दोन फाळक्यांपैकी जी अधिक सरळ असेल ती घ्यावी, दुसरीही जपून ठेवावी. नंतर साल काढावी. सालीखालचा जो गुळगुळीत पृष्ठभाग उघडा पडतो तीच धनुष्याची पाठ, म्हणजे नेम धरताना लक्ष्याकडे असणारी बाजू. धनुष्य वाकले की पाठ ताणली जाते आणि पोट, म्हणजे आपल्याकडची बाजू, दाबले जाते. ताणाखाली एक जरी तंतू तुटलेला असला तरी तेथूनच लाकूड फाटू लागते, म्हणून पाठीवर रंधा, पटाशी किंवा कानस अजिबात चालवू नये. उरलेली अंतर्साल बोथट सुरीने किंवा चमच्याच्या कडेने खरवडून काढावी. धनुष्याचे सारे तासकाम पोटाच्या आणि बाजूंच्या अंगाने होते, पाठ झाडाने दिली तशीच राहते.

साल काढल्यावर दोन्ही टोकांना आणि पाठीला फेव्हिकॉलचा किंवा तैलरंगाचा थर द्यावा, नाहीतर ओलावा टोकांतून झपाट्याने निघून जातो आणि लाकडाला चिरा पडतात. सालीसकट ठेवले तर भुंगेरे लागतात, तेव्हा तो आळस नको. मग फाळकी दीड इंचापेक्षा थोडी जास्त जाड राहील इतकी तासून हवेशीर सावलीत आडवी ठेवावी. जुन्या घरात स्वयंपाकघराचा माळा यासाठी उत्तम. लाकूड सुकले की नाही हे ठरवायला अंदाज चालत नाही. दर आठवड्याला काट्यावर वजन करून ते लिहून ठेवावे, आणि सलग तीन-चार आठवडे वजन घटले नाही की लाकूड भोवतालच्या हवेच्या जोडीला आले असे समजावे. जानेवारीत फाळकी केली तर मेपर्यंत ती बहुधा तयार होते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कणकुंबी-जांबोटीकडे जो पाऊस पडतो त्यात लाकूड पुन्हा ओलावा ओढते, आणि ओलसर लाकूड वाकवले की ते वाकलेलेच राहते, म्हणून वाक साधण्याचे काम पावसाळ्यात करू नये. मेअखेरीस झाले नाही तर थेट दसऱ्यानंतर हाती घ्यावे.

सुकलेल्या फाळकीच्या पाठीवर मध्यरेषा आखायची. दोन्ही टोकांच्या मध्यावर दोरा ताणून पाहावा, पण तंतू जिथे किंचित वळसा घेतात तिथे रेषेनेही त्यांच्याबरोबर वळावे. मध्यावर चार इंचांची मूठ सोडावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांत जाडी हळूहळू उतरवावी. मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग म्हणजे धनुष्याची दोन पाती. पात्याची रुंदी मुठीजवळ पावणेदोन इंच घ्यावी, पात्याच्या मध्यापर्यंत ती तशीच राखावी आणि तेथून टोकापर्यंत अर्ध्या इंचावर आणावी. ही रूपरेषा वाकसाने आणि रंध्याने काढली की पोटाच्या बाजूने जाडी कमी करत मुठीजवळ सहा सूत आणि टोकाजवळ चार सूत ठेवावी (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मूठ मात्र दीड इंच जाड आणि सव्वा इंच रुंद राहू द्यावी, म्हणजे ती वाकणार नाही. पाठीच्या दोन्ही कडा कानशीने हलक्या गोल कराव्यात. तीक्ष्ण कडेवर ताण साठतो. वाटेत गाठ आली तर तिच्या भोवती थोडे जास्त लाकूड ठेवून पुढे जावे.

आता मुख्य काम, वाक साधण्याचे, आणि धनुष्य टिकणार की मोडणार हे बहुतांशी इथेच ठरते. आधी पात्याचे टोक जमिनीवर टेकवून, मूठ हातात धरून, अंगाचा थोडा भार देऊन पाहावे. पाते कसे वाकते ते डोळ्यांना दिसते. वाक मुठीपासून टोकापर्यंत एकसारख्या कमानीत उतरला पाहिजे. दोन्ही पाती चार-पाच इंच सहज वाकू लागली की टोकांपासून पाऊण इंच आत, दोन्ही बाजूंनी, गोल कानशीने तिरप्या खाचा पाडाव्यात. खाच पाठीवरून आडवी नेऊ नये.

त्यानंतर भिंतीवर छातीच्या उंचीला मूठ बसेल असा लाकडी ठोकळा पक्का करावा, त्याच्या बरोबर खाली जमिनीलगत एक कप्पी बसवावी आणि भिंतीवर खडूने आडव्या-उभ्या रेषा आखाव्यात. धनुष्य ठोकळ्यावर ठेवून त्याला सैल, लांब दोरी लावावी. या दोरीला हुकाचा वजनकाटा अडकवून दुसरी दोरी कप्पीतून आपल्या हातात घ्यावी, म्हणजे चार-पाच हात दूर उभे राहून धनुष्य ओढता येते, वाक रेषांवर ताडून पाहता येतो आणि काही मोडलेच तर तुकडा अंगावर येत नाही. जिथे पाते ताठ दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि धनुष्य उतरवून फक्त खुणेच्या जागी पोटाकडून लाकूड खरवडावे. जिथे वाक जास्त आहे तिथे अजिबात हात लावू नये. प्रत्येक खरवडणीनंतर थोड्या ओढीवर वीस-तीस वेळा धनुष्य ओढून सोडावे, कारण काढलेल्या लाकडाचा परिणाम लाकूड थोडे काम केल्याशिवाय दिसत नाही. ही पायरी वगळणारे बहुतेक जण नकळत जास्त लाकूड काढून बसतात.

या साऱ्या कामाचा एक नियम पाळला तर धनुष्य सहसा मोडत नाही. ठरलेले वजन 14 किलो असेल तर काट्यावर 14 किलो दिसताच ओढ थांबवावी, मग ती दहा इंचच झालेली का असेना. लाकूड कमी होत जाईल तशी त्याच 14 किलोंत ओढ वाढत जाते, आणि 28 इंचांपर्यंत पोहोचली की काम झाले. वाकात दोष दिसला तर तो दुरुस्त होईपर्यंत त्याच्यापुढे एक इंचही ओढू नये. पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या उमटल्या तर तेथे लाकूड दाबाखाली चेंगरते आहे, आणि त्या जागेच्या शेजारचे ताठ भाग खरवडून ताण वाटून द्यावा.

पाती सारखी वाकू लागली की आखूड दोरी लावून धनुष्य चढवावे, सुरुवातीला दोरी मुठीपासून तीन इंच आणि नंतर सहा इंच दूर. चढवलेल्या स्थितीत दोरी मुठीच्या मध्यावरून गेली पाहिजे. बाजूला गेली तर ज्या बाजूला सरकली त्याच्या उलट कडेचे पाते किंचित कमी करावे. वरच्या पात्यापेक्षा खालचे पाते थोडे ताठ ठेवावे, कारण बाण मुठीच्या वरून जातो आणि हाताचा दाब खालच्या पात्यावर जास्त पडतो. दोरी आणि पाते यांच्यातले अंतर मुठीपासून सारख्याच अंतरावर मोजले असता वर एक-दीड सूत जास्त भरले म्हणजे पुरे. धनुष्य उतरवल्यावर पाती इंच-दीड इंच वाकलेली राहिली तर घाबरू नये. तेवढा वाक बहुतेक लाकडी धनुष्यांत राहतो.

दोरीसाठी नायलॉन नको, तो ताणत राहतो. पूर्वी अंबाडीचा वाख किंवा धामणीच्याच अंतर्सालीचे तंतू वळून दोरी करत, आणि हौस असेल तर तीही जरूर करावी. रोजच्या वापराला मात्र पॉलिएस्टरचा मेणवलेला दोरा बरा. दोरीची ताकद धनुष्याच्या वजनाच्या निदान चौपट असावी आणि जिथे बाण बसतो तिथे दोऱ्याचा घट्ट वेढा द्यावा.

धनुष्य पॉलिश पेपरने गुळगुळीत करून जवसाचे तेल चोळावे, दिवसभर मुरू द्यावे आणि असे चार-पाच हात झाले की वर मेण लावावे. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात ठेवू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात, म्हणून पसरून वाळवाव्यात. मुठीला चामडे गुंडाळायचे असेल तर अथणी किंवा निपाणीच्या चप्पल करणाऱ्या कारागिरांकडे झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्याची पट्टी मिळते. ती ओली करून, मुठीवर ताणून शिवली की वाळताना घट्ट बसते. मित्राच्या तळहाताचे माप घेऊनच मूठ शेवटची घासावी.

बाणाचे वजन धनुष्याच्या प्रत्येक पाउंडामागे किमान दहा ग्रेन असावे, म्हणजे 30 पाउंडांच्या धनुष्याला सुमारे 20 ग्रॅम. फार हलका बाण सोडला किंवा बाण न लावताच दोरी सोडली तर साऱ्या ताणाचा झटका लाकडाला बसतो आणि धनुष्य फुटू शकते. हे मित्राला देतानाच स्पष्ट सांगावे. लक्ष्यासाठी भाताचा पेंढा घट्ट बांधून दोन हात जाड भारा करावा आणि त्याच्या मागे माणसे किंवा जनावरे येणार नाहीत अशी जागा निवडावी. शिकारीचा विचारही करू नये, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे.

धनुष्य वापरून झाले की दोरी उतरवावी आणि धनुष्य दोन खुंट्यांवर आडवे ठेवावे. कोपऱ्यात उभे टेकवल्यास ते एका अंगाला वाकते. मित्र अथणीकडच्या कोरड्या पट्ट्यात राहत असेल तर खानापुरात घडवलेले धनुष्य तेथे आणखी सुकते, त्याचे ओढण्याचे वजन थोडे वाढते आणि ते जरा ठिसूळही होते, म्हणून अशा वेळी वजन एक-दीड किलो कमीच धरून द्यावे. पहिल्या महिन्यानंतर आणि पहिल्या पावसाळ्यानंतर धनुष्य परत मागवून पुन्हा भिंतीवर लावावे, कारण वापराने वाक थोडा बदलतो आणि तो चार-दोन खरवडण्यांत पूर्ववत करता येतो.