बबूनच्या वर्तनाचा अभ्यास कसा सुरू करावा

बबून या आफ्रिका व अरबस्तानातल्या मोठ्या माकडांविषयी जाणून घेऊ इच्छिणाऱ्याने सर्वांत आधी आपण नेमक्या कोणत्या बबूनविषयी वाचत आहोत, याची खात्री करून घ्यावी. बहुतेक अभ्यासक आज सहा जाती मानतात: पूर्व व मध्य आफ्रिकेतला ऑलिव्ह, केनिया-टांझानियाकडचा पिवळा, आफ्रिकेच्या दक्षिण भागातला चाक्मा, झांबियाच्या परिसरातला लहानखुरा किंडा, आफ्रिकेच्या पश्चिम टोकाचा गिनी आणि इथिओपियापासून तांबड्या समुद्रापलीकडे सौदी अरेबिया व येमेनपर्यंत आढळणारा हमाद्रियास. मँड्रिल आणि गेलाडा हे त्यांचे नातलग असले, तरी ते ‘पापिओ’ या प्रजातीत मोडत नाहीत. हा भेद केवळ नावांचा नाही. ऑलिव्ह, पिवळा आणि चाक्मा यांच्या टोळ्यांत माद्या जन्मभर आपल्याच टोळीत राहतात आणि नर वयात आल्यावर दुसरी टोळी शोधतात. हमाद्रियासमध्ये मात्र एकेक नर मोजक्या माद्यांना आपल्याजवळ ठेवतो आणि लांब जाणाऱ्या मादीच्या मानेला चावून तिला परत आणतो. त्यामुळे ‘बबून असे वागतात’ असे वाक्य वाचनात आले की त्यापुढे ‘कोणते बबून, कुठले?’ हा प्रश्न लिहून ठेवण्याची सवय लावावी.

दुसरी तयारी म्हणजे टोळीतले कोण कोण आहे हे ओळखायला शिकणे. प्रौढ नर मादीपेक्षा जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो, त्याचे सुळे लांब असतात आणि ऑलिव्ह व हमाद्रियास नरांच्या खांद्यांवर दाट केसांची झूल दिसते. पहिले काही महिने पिल्लाचे केस काळे आणि चेहरा गुलाबी असतो, त्यामुळे तान्हे पिल्लू दुरूनही ओळखता येते. माजावर आलेल्या मादीच्या पार्श्वभागाची कातडी फुगते. एवढ्या खुणा ध्यानात आल्या की कान फाटलेला, शेपटी वाकलेली, ओठावर व्रण असलेली अशी एकेक व्यक्ती वेगळी दिसू लागते, आणि खरा अभ्यास तेथूनच सुरू होतो.

आता पाहायचे कसे, हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. नवखा निरीक्षक जे डोळ्यांत भरते तेच टिपतो. दोन नरांचे भांडण, पाठलाग, सुळे दाखवत दिलेली जांभई यांनी त्याची वही भरते, आणि शेजारी तासभर दुसरीच्या केसांतून बोटे फिरवत बसलेल्या मादीची एकही नोंद होत नाही. बबूनच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणपद्धतींवरील शोधनिबंधात हाच दोष शास्त्रशुद्ध रीतीने मांडला आणि त्यावरचा उपायही दिला. आज प्राणिवर्तनाच्या क्षेत्रात काम करणारा जवळपास प्रत्येक विद्यार्थी तो निबंध वाचतो, आणि माझ्या मते बबूनवरच्या कोणत्याही पुस्तकाआधी तो वाचावा.

ती पद्धत घरच्या घरी शिकता येते. टोळीतल्या ओळखलेल्या प्राण्यांची यादी करावी, त्यांचा क्रम आधीच ठरवावा आणि पाळी येईल त्या एकाच प्राण्याकडे दहा मिनिटे पाहावे. तो काही करो वा न करो, नजर दुसरीकडे वळवू नये. दर मिनिटाला तो खात आहे, चालत आहे, विसावला आहे की कोणाचे अंग साफ करत आहे, आणि त्याच्या सर्वांत जवळ कोण आहे, एवढेच लिहावे. शेजारी भांडण पेटले तर ते वेगळ्या पानावर टिपावे. दोन्ही नोंदी एकत्र करू नयेत. कोण जवळ आल्यावर कोण उठून जागा देते, याचीही स्वतंत्र नोंद ठेवावी, कारण टोळीतला मानाचा क्रम भांडणापेक्षा या मुकाट्याने दिलेल्या जागेतून अधिक खात्रीने कळतो. पिवळ्या बबूनमध्ये मुलीला सहसा आईच्या लगेच खालचे स्थान मिळते आणि धाकटी बहीण थोरलीच्या वर जाते, हे अशाच नोंदींतून स्पष्ट झाले.

महाराष्ट्रात रानटी बबून नाहीत, पण सरावासाठी काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाची माकडे गावोगावी आहेत. सराव करताना खाऊ देऊ नये, डोळ्याला डोळा भिडवू नये आणि प्राण्याने वाट बदलली तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरावे.

या चिकाटीचे मोल केनियातील अंबोसेलीत दिसते. जीन व स्टुअर्ट ऑल्टमन तेथे प्रथम 1963 मध्ये गेले. 1971 पासून तेथील बबूनचे जन्म, मृत्यू, स्थलांतर आणि मैत्री यांच्या नोंदी आजवर सुरू आहेत. त्या नोंदींच्या आधारे 2003 मध्ये जोन सिल्क, सुसान अल्बर्ट्स आणि जीन ऑल्टमन यांनी दाखवले की ज्या माद्यांचा इतरांशी अधिक घनिष्ठ सहवास असतो, त्यांची पिल्ले जगण्याची शक्यता जास्त असते. 2016 च्या अभ्यासातून पुढे आले की दुष्काळ, आईचा लवकर मृत्यू अशी तीन किंवा अधिक संकटे बालपणी सोसलेल्या माद्या इतरांपेक्षा सुमारे दहा वर्षे कमी जगतात. असे निष्कर्ष एका हंगामात हाती येत नाहीत. म्हणून कोणताही शोधनिबंध वाचताना किती प्राणी, किती वर्षे आणि प्राण्यांना माणसाकडून अन्न मिळत होते का, हे तीन मुद्दे आधी शोधावेत. केनियातल्याच म्पाला येथे जीपीएस पट्टे लावून केलेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑलिव्ह बबूनची टोळी कुठे जायचे हे वरचढ नराच्या मर्जीने नव्हे, तर अनेकांच्या हालचालींतून ठरवते असे आढळले.

संवर्धनाकडेही याच नजरेने पाहावे. गिनी बबून संकटाच्या उंबरठ्यावरच्या जातींत गणला जातो. इतर जाती संख्येने अद्याप सुरक्षित मानल्या जात असल्या, तरी स्थानिक टोळ्यांची स्थिती बिकट असू शकते. केपटाऊनच्या द्वीपकल्पातील चाक्मा बबून शहरामुळे इतर बबूनांपासून तुटले आहेत. तेथे बंदुकीच्या गोळ्या, वाहने आणि कुत्रे यांमुळे ते मरतात, आणि त्यांना वस्तीकडे ओढणारे मुख्य कारण म्हणजे उघडा कचरा व सहज हाती लागणारे अन्न. तेथील उपायांत बबूनला उघडता न येणारे कचऱ्याचे डबे आणि टोळ्यांना वस्तीबाहेर वळवणारे रक्षक आहेत. बबूनला खायला घालणे तेथे बेकायदा आहे. शर्ली स्ट्रम यांनी 1984 मध्ये शेतीमुळे संकटात आलेल्या टोळ्या केनियातील लायकिपिया भागात हलवून त्या टिकू शकतात हे दाखवले, पण टोळ्या हलवणे खर्चिक आणि जोखमीचे असते. तेव्हा ‘बबूनचा उपद्रव’ अशी बातमी वाचताना तेथील कचरा कोण उचलतो, शेताभोवती काय आहे आणि टोळीची जुनी चरण्याची जागा कोणी घेतली, हे आधी तपासावे.