मेंदूचा आजार आणि इजा यांवर लघुपट कसा करावा

मेंदूच्या आजारावर जनजागृतीचा लघुपट करायचा म्हटलं की पहिला मसुदा बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघतो. खिडकीपाशी बसलेला माणूस, हळवं संगीत, घरच्यांचे पाणावलेले डोळे, शेवटी आशेचे दोन शब्द. पाहणारा हळहळतो आणि थोड्याच वेळात विसरतो, कारण त्याला नवीन काही कळलेलंच नसतं. याउलट, डोक्याला मार लागून वर्ष झालेला, दिसायला ठणठणीत माणूस चार जणांच्या गप्पांतून उठून का जातो, हे कळलं तर पाहणारा पुढच्या वेळी टीव्ही बंद करेल आणि एका वेळी एकानेच बोलेल. तीन-चार मिनिटांच्या फिल्मकडून एवढीच अपेक्षा ठेवा. ती पुरी करणंही सोपं नाही.

एक फिल्म, एक अडचण

‘पार्किन्सन्ससोबतचं जगणं’ हा लघुपटाचा विषय होत नाही, ते पुस्तक होईल. ‘दारातून जाताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे थिजणं’ हा विषय होतो. तसंच, ‘पक्षाघात’ हा विषय नाही. ‘शब्द डोक्यात आहे, तोंडात येत नाही’ हा आहे. अडचण निवडली की ती ज्या रोजच्या कामात उघडी पडते ते काम शोधा: शर्टाची बटणं लावणं, फोनवर पत्ता सांगणं, दुकानात सुट्टे पैसे मोजणं. फिल्मचा कणा ते काम असेल. आजाराची माहिती त्याच्या कडेकडेने येऊ द्या.

लांबी ३ ते ५ मिनिटं पुरे. निवेदन असेल तर मिनिटाला ११० ते १२० शब्दांपेक्षा जास्त नको, आणि निदान एक तृतीयांश फिल्म निवेदनाशिवाय राहू द्या. म्हणजे ३ मिनिटांसाठी २२० ते २४० शब्दच लिहायचे. हा हिशेब आधी केला नाही तर निवेदन वैद्यकीय माहितीने ठासून भरतं आणि चित्र नुसतं मागे सरकत राहतं.

लिहिलेला मसुदा शूटिंगच्या आधी दोघांना दाखवा: तो आजार घेऊन जगणाऱ्या एकाला आणि त्या विषयातल्या एका तज्ज्ञाला. भाषेची अडचण असेल तर स्पीच थेरपिस्ट, बाकी बाबतींत न्यूरोलॉजिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणारा. एडिटिंगनंतर सापडलेली चूक दुरुस्त होत नाही, फक्त झाकली जाते.

संमती एकदा घेऊन भागत नाही

स्मृतिभ्रंश असलेला माणूस सोमवारी आनंदाने हो म्हणेल आणि बुधवारी कॅमेरा पाहून बिथरेल. दर वेळी नव्याने विचारा. घरच्यांनी होकार दिला तरी त्या माणसाचा स्वतःचा होकार किंवा नकार शेवटचा धरा. त्याने तोंड फिरवलं, उठून जाऊ लागला, तर तो नकारच आहे. संमतीपत्र एका पानाचं, मोठ्या अक्षरांत, छोट्या वाक्यांत असावं. वाचता येत नसेल तर प्रत्येक मुद्द्याला एक चित्र द्या: कॅमेरा, फोनचा पडदा, लोकांचा घोळका.

अफेझियामध्ये, म्हणजे वाचाघातामध्ये, एक वेगळीच अडचण असते: ‘हो’ म्हणायचं असताना तोंडातून ‘नाही’ निघतं. म्हणून नुसत्या शब्दावर विसंबू नका. ‘हो’ आणि ‘नाही’ लिहिलेली दोन कार्डं समोर ठेवा आणि तोच प्रश्न उलटा करूनही विचारा.

काय पणाला लागतं तेही स्पष्ट सांगा. फिट येतात हे जाहीर झालं की नोकरी, वाहन परवाना, लग्नाची बोलणी या सगळ्यांवर परिणाम होऊ शकतो, आणि इंटरनेटवर एकदा गेलेली फिल्म पूर्णपणे परत घेता येत नाही. म्हणून संमतीचे दोन टप्पे ठेवा: शूटिंगच्या आधी एक आणि तयार फिल्म दाखवल्यावर दुसरा. दुसऱ्या टप्प्यावर नकार आला तर ते दृश्य काढायचं, त्यावर वाद नाही.

शूटिंगचा दिवस

वेळापत्रक कॅमेऱ्याच्या सोयीने आखू नका. मेंदूच्या इजेनंतरचा थकवा अंगमेहनतीच्या थकव्यासारखा नसतो. लक्ष देणं, ऐकणं, उत्तर जुळवणं यातच तो येतो आणि अर्धा तास बसल्याने जातोच असं नाही. एका वेळी १० ते १५ मिनिटं शूटिंग, मग तेवढीच विश्रांती, आणि दिवसभरात एकूण तासाभराच्या वर नको. बहुतेकांना सकाळ बरी जाते. स्मृतिभ्रंशात दुपार कलल्यावर अस्वस्थता वाढलेली दिसते, त्यामुळे संध्याकाळच्या उजेडाचा मोह सोडा.

पार्किन्सन्समध्ये घड्याळ गोळीचं असतं. लेव्होडोपा घेतल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात असर जाणवू लागतो आणि पुढच्या गोळीच्या आधी तो ओसरतो. मुलाखत असराच्या काळात घ्या. कंप नीट दिसावा म्हणून गोळी उशिरा घ्यायला सांगणं हा गुन्हा समजा. तशी विनंती कोणी चेष्टेतही करू नये, कारण कॅमेऱ्यासमोर माणसं भिडेपोटी हो म्हणतात.

या आजारात चेहऱ्याचे स्नायूही कमी हलतात. माणूस मनातून खूश असला तरी क्लोज-अपमध्ये निर्विकार, कधी रागीट दिसतो. ‘जरा हसा’ म्हणून उपयोग नाही. हाताचे, पाठीचे, कामाचे शॉट घ्या, आणि चेहऱ्याचा शॉट वापरायचाच तर त्याच्यावर त्याचंच बोलणं ठेवा, म्हणजे मनात काय आहे ते आवाजातून कळेल. आवाज हळू असतो, म्हणून कॅमेऱ्यावरचा माइक चालणार नाही. हनुवटीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर कॉलर माइक लावा. बोलणं मीटरवर -१२ डेसिबलच्या आसपास रेकॉर्ड होईल अशी पातळी ठेवा, आणि निघण्यापूर्वी रिकाम्या खोलीचा आवाज ३० सेकंद घ्या.

माइक लावण्याआधी एक प्रश्न विचारायचाच: शरीरात काही उपकरण बसवलं आहे का? डीबीएसच्या, म्हणजे मेंदूत तार बसवून हलका विद्युतप्रवाह देणाऱ्या, उपकरणाची बॅटरी साधारणपणे कॉलरबोनच्या खाली त्वचेच्या आत असते, म्हणजे आपण माइक लावतो नेमकी तीच जागा. फिट रोखण्यासाठी बसवलेल्या व्हेगस नर्व्हच्या (मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) उपकरणावर चुंबक धरला तर ते थांबतं. डोक्यातलं पाणी उतरवणाऱ्या शंटची झडप बऱ्याचदा बाहेरून चुंबकानेच सेट करतात. आजकालचे छोटे वायरलेस माइक कपड्याला मॅग्नेटने चिकटतात. असं उपकरण असेल तर मॅग्नेट बाजूला काढून साधी क्लिप वापरा. शंट असलेल्या माणसाच्या कानावर हेडफोनही चढवू नका, त्यातही चुंबक असतो.

दुसरी जपायची गोष्ट पाणी. पक्षाघातानंतर अनेकांना गिळायला त्रास होतो आणि पातळ पदार्थ श्वासनलिकेत जातो. मुलाखतीच्या मध्ये सौजन्याने पुढे केलेला ग्लास धोक्याचा ठरू शकतो. खाण्यापिण्याचं दृश्य आणि मधलं चहापाणी, दोन्ही घरच्यांना विचारूनच.

केबल जमिनीवरून न्यायच्या तर भिंतीच्या कडेने न्या आणि चिकटपट्टीने बसवा. पाय अडखळणाऱ्याला त्या पाडतात आणि पार्किन्सन्समध्ये वाटेतला छोटासा अडथळाही पाय थिजवतो. दिवे थेट तोंडावर नकोत. डोक्याला मार लागलेल्यांना प्रखर उजेडाने डोकं दुखायला लागतं. पातळ पडद्यातून येणारा खिडकीचा उजेड सगळ्यात चांगला. लुकलुकणारी ट्यूब असेल तर ती आधी बंद.

बसण्याची जागाही आजारावरून ठरवा. एका बाजूची नजर गेली असेल किंवा डाव्या बाजूचं भानच नसेल, तर प्रश्न विचारणाऱ्याने माणसाला दिसणाऱ्या बाजूला बसायचं. प्रश्न छोटा, एका वेळी एकच. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि तोपर्यंत तोंड बंद ठेवा. अडलेला शब्द आपण पुरवला की त्या माणसाची सगळी जुळवाजुळव मोडते. स्मृतिभ्रंश असेल तर ‘आठवतंय का?’ हा प्रश्नच वगळा. ती कॅमेऱ्यासमोर घेतलेली परीक्षा होते, आणि तिच्यात माणूस नापास होणार हे विचारणाऱ्याला आधीच माहीत असतं.

आतून कसं असतं ते दाखवणं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. चित्र धूसर करणं, घुमणारा आवाज, फिरणारा कॅमेरा ही हत्यारं प्रत्येक आजाराला लावली जातात आणि बहुतेक वेळा ती चुकीची असतात.

अर्धी नजर गेलेल्याला अर्धा पडदा काळा दिसत नाही. त्या बाजूला काही आहे हेच जाणवत नाही. म्हणून फ्रेम काळी करू नका. माणूस किंवा दरवाजाची कड फ्रेमच्या त्या बाजूने, पावलांचा आवाज न देता, एकदम आत आणा. पाहणारा दचकतो, आणि रस्ता ओलांडताना काय होत असेल ते त्याला सांगावं लागत नाही.

उजव्या मेंदूच्या इजेनंतर डाव्या बाजूचं भान हरपतं. त्यासाठी एक ताट पुरतं. कॅमेरा ट्रायपॉडवरून बरोबर ताटाच्या वर, फ्रेम अचल. माणूस जेवतो, उजवा अर्धा भाग स्वच्छ होतो, डावा जसाच्या तसा राहतो आणि हात थांबतो, जणू जेवण संपलं. तीन-चार सेकंद काहीच घडू देऊ नका. मग दुसरा हात फ्रेममध्ये येतो, ताट अर्धं फिरवतो, आणि जेवण पुन्हा सुरू होतं. मध्ये कट नाही, संगीत नाही. या ४० सेकंदांना निवेदनाची गरज लागत नाही.

गोंगाटातून हवा तो आवाज निवडता न येणं हे डोक्याच्या इजेनंतर फार जणांना होतं. हे काम साउंड ट्रॅकवर करायचं. एरवी आपण पंखा, भांडी, रस्ता हे आवाज बोलण्यापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली ठेवतो. दृश्य तसंच सुरू करा, मग १० सेकंदांत एकेक आवाज वर आणत बोलण्यापेक्षा जेमतेम ३ डेसिबल खाली आणा आणि १५ सेकंद तिथेच ठेवा. चित्र अगदी साधं, स्पष्ट राहू द्या. खोली जशीच्या तशी आहे, बदललंय फक्त ऐकणं. आवाज वेगवेगळे रेकॉर्ड केलेले असतील तरच हे जमतं, एकाच माइकवर सगळं घेतलं असेल तर नाही.

पाय थिजण्याचा शॉट गुडघ्याच्या उंचीवरून, दारासमोरून, एका टेकमध्ये घ्या. बऱ्याच जणांना जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवल्या की त्या ओलांडत चालता येतं, तेही दाखवा. पाहणाऱ्याला अडचणीबरोबर उपायही मिळतो. शूटिंगच्या वेळी मात्र आधाराला एक जण हाताच्या अंतरावर हवाच, फ्रेममध्ये आला तरी चालेल.

फिट आणि झगमगाट

फिटचं दृश्य नटाकडून करून घ्या, खऱ्या फिटचं चित्रण नको. आणि दर वेळी जमिनीवर पडून झटके येणंच दाखवायला पाहिजे असं नाही. एका जागी टक लावून पाहणं, ओठ चाळवणं, बटणाशी चाळा करणं, हाक ऐकू न येणं हीसुद्धा फिट असते आणि ती लोकांना ओळखता येत नाही, म्हणून ती दाखवण्यात जास्त अर्थ आहे. मदतीचं दृश्य बिनचूक हवं: वेळ पाहायची, आजूबाजूच्या टणक वस्तू हटवायच्या, डोक्याखाली मऊ काहीतरी, झटके थांबल्यावर कुशीवर वळवायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा किंवा काहीही घालायचं नाही. ५ मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका.

अपस्मार असलेल्या शंभरांपैकी सुमारे तिघांना लुकलुकत्या प्रकाशाने फिट येऊ शकते. १९९७ साली जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटानंतर शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त फ्लॅश नकोत, गडद लाल तर टाळाच, आणि पडदाभर काळ्या-पांढऱ्या पट्ट्याही नकोत. ‘मेंदूतली खळबळ’ दाखवायला केलेलं झपाझप एडिटिंग नेमकं हेच करतं. सुरुवातीला इशारा लिहून हे खपवू नका, दृश्यच बदला.

एडिटिंग

अफेझिया असलेल्याच्या बोलण्यातली शांतता कापायचा मोह प्रत्येक एडिटरला होतो. निदान एक थांबा पूर्ण ठेवा. त्याला चष्मा हवाय, तोंडातून ‘घड्याळ’ येतं, तो मान हलवतो, पुन्हा ‘घड्याळ’, मग हाताने डोळ्यांपाशी दोन गोल करून दाखवतो. सबटायटलमध्ये ‘घड्याळ’च लिहा. बुद्धी शाबूत आहे हे हाताच्या त्या खुणेतून दिसतं. दुरुस्त केलेलं सबटायटल ते पुसून टाकतं.

पक्षाघात किंवा इजेनंतर काहींना अचानक रडू किंवा हसू फुटतं, आणि त्या क्षणी मनात तसं काही असेलच असं नाही. तो मेंदूच्या नियंत्रणातला बिघाड असतो. असं रडणं फिल्मचा भावुक शेवट म्हणून वापरणं म्हणजे लक्षणाला दुःख म्हणून खपवणं. वापरायचंच तर ते काय आहे हे त्याच माणसाच्या शब्दांत सांगा, नाहीतर गाळा.

सबटायटल चित्रातच पक्के बसवा, कारण फोनवर बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात. एका वेळी दोनच ओळी, गडद पट्टीवर पांढरी अक्षरं, आणि ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांनाही वाचता येईल इतका वेळ. पक्षाघाताच्या फिल्मच्या शेवटी लक्षणं द्याच: तोंड वाकडं होणं, एक हात न उचलणं, बोलणं अडखळणं. गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून वाट न पाहता रुग्णालय गाठायचं, हेही लिहा. फोन नंबर देणार असाल तर तो आधी स्वतः लावून पाहा, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा.

लोकांपुढे नेण्याआधी

विषय माहीत नसलेल्या पाच जणांना आणि तो आजार असलेल्या दोघांना दाखवा. ‘आवडली का?’ असं विचारू नका. पहिल्यांना विचारा, ‘असा माणूस उद्या भेटला तर काय वेगळं कराल?’ उत्तर ‘बिचारा’पाशी संपलं तर कृतीचं दृश्य कमी पडलंय, पुन्हा एडिटिंगला बसा. दुसऱ्यांना विचारा, ‘यातलं काय खोटं वाटलं?’ आणि ते सांगत असताना कारणं देत बसू नका, लिहून घ्या.

सभागृहात दाखवणार असाल तर मागे एक दार उघडं आणि बाहेर शांत जागा ठेवा, आवाज नेहमीपेक्षा थोडा कमी, दिवे पूर्ण अंधार न करता. चार मिनिटांच्या फिल्मनंतर पंधरा-वीस मिनिटं बोलायला राखा. फिल्ममधला माणूस हजर असेल तर प्रश्न त्यालाच विचारायचे, शेजारी बसलेल्या नातेवाइकाला नाहीत, हे सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच सांगावं. उत्तराला वेळ लागला तर माइक त्याच्याच हातात राहू द्यावा.