मॉवरचं ऑइल: भुसावळच्या उन्हात काय चाललं

आमच्या लग्नाच्या लॉन्सवर ऐन लग्नसराईत गवत कापायचं मशीन निळसर धूर टाकायला लागलं. डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढावी तर ऑइल खालच्या खुणेवर. गळती कुठेच नव्हती, म्हणजे ते जळत होतं. आत होतं १०डब्ल्यू-३०, म्हणजे थंडी-उष्णता दोन्हींत चालणारं मल्टिग्रेड ऑइल.

हे ऑइल वाईट नाही. पण मॉवरचं इंजिन हवेवर थंड होतं, रेडिएटर नसतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास. अशा उन्हात मल्टिग्रेड जास्त जळू शकतं. मॅन्युअलमधल्या तापमानाच्या तक्त्यात उन्हाळ्यासाठी एसएई ३० हे एकाच ग्रेडचं ऑइल स्पष्ट दिलेलं होतं.

इंजिन थोडं चालवून गरम केलं, बंद करून स्पार्क प्लगची वायर काढली, काळंकुट्ट ऑइल डब्यात उतरवलं. मशीन सपाट फरशीवर ठेवून नवं ऑइल थोडं थोडं घातलं. वरच्या खुणेच्या पुढे अजिबात नाही. जास्त झालं तरी धूर येतोच. इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांमध्ये, म्हणजे फिन्समध्ये, अडकलेलं गवतही ब्रशने काढलं. ते मला ऑइलइतकंच महत्त्वाचं वाटतं.

धूर थांबला, पातळीही टिकते आहे. तुमचं ब्रश कटर (हातात धरून गवत-झुडपं कापायचं यंत्र) टू-स्ट्रोक असेल तर मात्र हे लागू नाही. त्याचं ऑइल वेगळं, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं.